अंगणाचा लेप आणि अनवाणी पाऊल

मराठी घरातील मातीचे अंगण पूर्वी दर आठ-पंधरा दिवसांनी सारवले जाई. सडा पडे, शेणाचा पातळ थर हाताने ओढला जाई आणि उकललेली, धूळ सुटलेली जमीन पुन्हा पायाला मऊ लागू लागे. काही दिवसांत ते सारवण झिजे व पुन्हा घातले जाई. ते झिजले म्हणून कोणी त्यास नावे ठेवत नसे. वर्दळीचा घाव त्याने सोसावा आणि खालची जमीन राखावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. घरातील बायकांना हे ज्ञान वेगळे शिकवावे लागत नव्हते.

त्याच घरांतील मुले आज नोकरी-व्यवसायानिमित्त अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स, चँडलर, स्कॉट्सडेल अशा शहरांत घरे घेऊन राहिली आहेत. तिथे घराच्या मागील दारी काँक्रीटचा ऐसपैस ओटा असतो. त्यास पॅटिओ म्हणतात. संध्याकाळची बैठक, मुलांचे खेळ, सणासुदीची पंगत हे सारे त्या ओट्यावर होते. ओटा नवा असताना देखणा दिसतो. चार-सहा वर्षांत त्याचा रंग विटतो, डाग पडतात, पांढरा लोणा चढतो आणि घरमालक त्यास कोणता तरी लेप देण्याच्या विचारास लागतो. बाजारात लेप पुष्कळ आहेत आणि प्रत्येक जण संरक्षणाचे वचन देतो. परंतु संरक्षण कोणाचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वाळवंटात त्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत ओट्यापेक्षा त्यावर उतरणाऱ्या पावलाला अधिक मोजावी लागते.

ऊन जुने, फरशी नवी

फिनिक्स शहर सोनोरन वाळवंटात वसले आहे. तिथे वर्षभरात सरासरी सुमारे 180 मिलिमीटर पाऊस पडतो; पुण्यात साधारण तेवढा एकट्या जुलै महिन्यात पडतो. 26 जून 1990 रोजी तिथे 122 अंश फॅरनहाइट, म्हणजे 50 अंश सेल्सिअस, तापमान नोंदले गेले. 2023 साली 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस पारा रोज 110 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 43 अंश सेल्सिअसला, भिडला किंवा त्याच्यावर गेला. पुढच्या वर्षी सलग 113 दिवस तो 100 अंश फॅरनहाइटच्या खाली उतरला नाही. हे सारे आकडे सावलीत मोजलेल्या हवेचे आहेत. उघड्या उन्हात पडलेल्या जमिनीचा हिशेब निराळा असतो.

महाराष्ट्रातून मुलांकडे जाणारे आईवडील नातवंडांच्या शाळेच्या सुटीचा मेळ घालतात आणि नेमके जून-जुलैत तिथे पोहोचतात. मग कधी तरी सकाळी असा संवाद घडतो :

"आई, चपला घाल. तिकडं तशी जाऊ नकोस."

"अरे, मिरजेला मे महिन्यात गच्चीवर कुरडया घातल्यात मी. ऊन काय मला नवं आहे?"

"ऊन नवं नाही गं, फरशी नवी आहे."

मुलाचे म्हणणे खरे असते. हवा 43 अंशांवर असताना भर उन्हातले काँक्रीट 60 अंशांच्या आसपास सहज पोहोचते आणि काळे डांबर त्याच्याही पुढे जाते. उष्णता आणि त्वचा यांच्या संबंधाचा पायाभूत अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी 1947 साली प्रसिद्ध केला. त्यानुसार 44 अंश तापलेल्या पृष्ठभागाला त्वचा भाजण्यास सुमारे सहा तास लागतात, तर 60 अंशांवर पाच सेकंद पुरतात. काँक्रीट धातूइतक्या वेगाने उष्णता हाती देत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडा अवधी अधिक मिळतो. धडधाकट माणूस तेवढ्यात पाय उचलून सावलीत पळतो. ज्याला पळता येत नाही त्याचे मात्र हाल होतात. नुकते चालू लागलेले मूल जागीच थिजून रडत राहते. वयस्क व्यक्ती पाय घसरून पडली तर तिला उठायला वेळ लागतो आणि तळवाच नव्हे, हात, गुडघे, पाठ त्या तापल्या जमिनीला टेकून राहतात. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना मंद झाली आहे त्यांना तर चटका बसल्याचे कळतच नाही. फोड दिसतो तेव्हा उमगते. अशा जखमा बऱ्या होण्यास फार काळ जातो. फिनिक्समधील ॲरिझोना बर्न सेंटर या भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रात दर उन्हाळ्यात तापल्या जमिनीवर भाजलेले रुग्ण येत असतात.

म्हणून त्या प्रदेशात ओट्याचा लेप निवडताना पहिली कसोटी पावलाची हवी, दुसरी काँक्रीटची आणि तिसरी दिसण्याची. बाजारात हा क्रम बहुधा उलटा लागतो.

काँक्रीटचे शत्रू

काँक्रीट दगडासारखे दिसते. परंतु त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग होऊन ते घट्ट होते आणि उरलेले पाणी उडून जाताना या वाटा मागे ठेवते. थंड प्रदेशांत याच छिद्रांत शिरलेले पाणी गोठते, फुगते आणि काँक्रीटचे कपचे उडवते. तिथे पाणी अडवणारा लेप ही खरोखरची गरज आहे. फिनिक्सच्या सखल भागात ते संकट जवळजवळ नाही. पाऊसही थोडा. त्यामुळे थंड प्रदेशातील माहितीपत्रकांत लिहिलेली कारणे वाळवंटातील घराला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. चांगल्या मिश्रणाचा, नीट पाणी मारून पक्का केलेला साधा ओटा तिथे कोणताही लेप न देता दीर्घकाळ टिकू शकतो, हे कोणी विक्रेता आपणहून सांगणार नाही.

वाळवंटातील त्रास तीन प्रकारचा असतो. पहिला उन्हाचा. अतिनील किरणांनी काँक्रीटचे फारसे बिघडत नाही. त्यांचा मारा बसतो तो वर दिलेल्या रंगावर आणि रासायनिक थरावर. दुसरा तापमानाच्या चढउताराचा. हिवाळ्यातील गार पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांत स्लॅबच्या तापमानात 50 अंशांचा फरक पडू शकतो. तेवढ्या फरकाने तीन मीटर लांबीचा काँक्रीटचा तुकडा सुमारे दीड मिलिमीटर वाढतो व आक्रसतो. डोळ्यांना न दिसणारी ही हालचाल कडक, ठिसूळ लेपाला सोसत नाही आणि त्याला तडे जातात.

तिसरा त्रास क्षारांचा आणि तोच सर्वांत चिवट. फिनिक्सला पाणी येते ते कोलोरॅडो नदीतून सुमारे 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने आणि जवळच्या सॉल्ट व व्हर्डे या नद्यांतून. हे पाणी जड आहे. बागेच्या तुषारांनी ओट्याची कड रोज भिजते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. जमिनीतील ओलही छिद्रांवाटे वर चढते आणि वाटेत विरघळलेले क्षार पृष्ठभागावर आणून सोडते. जुन्या भिंतींना लोणा लागतो तो याच रीतीने. वर हवाबंद लेप असेल तर ही ओल बाहेर पडू शकत नाही. ती लेपाच्या खाली दाटते, क्षारांचे स्फटिक तिथेच वाढतात आणि लेप फोडासारखा वर उचलला जातो. अनेक घरांत लेपाचे पोपडे निघतात तेव्हा माल हलका निघाला असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा माल चांगलाच असतो. त्याने खालच्या ओलीची वाट अडवलेली असते.

भिनणारे लेप आणि थर धरणारे लेप

बाजारातील सारे प्रकार दोन कुळांत वाटता येतात. एक कूळ काँक्रीटमध्ये भिनते, दुसरे वर थर धरते.

भिननाऱ्या कुळात सिलेन व सिलॉक्झेन ही द्रव्ये मुख्य आहेत. ती छिद्रांत शिरून त्यांच्या आतील भिंतींना पाण्याशी फटकून वागायला लावतात. वर पडलेले पाणी थेंबाथेंबाने गोळा होते, आत जिरत नाही. खालून येणारी वाफ मात्र बाहेर पडू शकते. ती पृष्ठभागाच्या आत काम करतात, म्हणून उन्हाचा मारा त्यांना थेट बसत नाही आणि सोलून निघायला वर पापुद्राच नसतो. रंग बदलत नाही, चकाकी येत नाही, निसरडेपणा वाढत नाही. ज्याला ओट्याचे रूप पालटायचे आहे त्याची या लेपाने निराशा होते, कारण दिल्यानंतर काही दिल्यासारखे वाटतच नाही. जुने डागही झाकले जात नाहीत. परंतु उघड्या उन्हातील, बागेच्या कडेच्या साध्या ओट्यास हा सर्वांत निरुपद्रवी उपाय आहे. याच कुळात सिलिकेटची द्रव्ये येतात. ती काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग कठीण करतात. ज्या ओट्याची भुकटी सुटते त्याला त्यांचा उपयोग होतो.

थर धरणाऱ्या कुळात सर्वांत प्रचलित म्हणजे ॲक्रिलिक. ते स्वस्त आहे, सहज लावता येते आणि उन्हात लवकर पिवळे पडत नाही. त्याचा थर पातळ असतो आणि वाळवंटी उन्हात एक ते तीन वर्षांत झिजतो. ही त्याची उणीव मानली जाते. परंतु जुना थर धड असेल तर स्वच्छ धुऊन त्यावर नवा पातळ हात देता येतो. सारवणाचा स्वभाव याच लेपात सर्वाधिक आहे. ओलीवर घाईने दिला किंवा जाड दिला, तर मात्र तो दुधासारखा पांढुरका होतो.

इपॉक्सीची कीर्ती गॅरेजमधून आलेली आहे. छताखाली, मोटारीच्या भाराखाली ती उत्तम टिकते, म्हणून घरमालक तीच ओट्यावर मागतो. उघड्या उन्हात सामान्य इपॉक्सी पिवळी पडते, तिच्यावर खडूसारखी भुकटी येते. शिवाय साध्या हवेत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचा कडकपणा साधारण 50 ते 60 अंशांच्या पट्ट्यात ओसरू लागतो आणि फिनिक्सच्या ओट्याचे उन्हाळी तापमान नेमके तिथेच असते. मग खुर्चीच्या पायांचे वळ उमटतात, कुंडी उचलताना लेपही तिच्याबरोबर उचलला जातो. उन्हास टिकणारे विशिष्ट जातीचे पॉलियुरेथेन आणि पॉलिॲस्पार्टिक हे लेप याहून सरस आहेत. त्यांची किंमत अधिक आणि लावण्याचे काम अधिक कसबाचे. पॉलिॲस्पार्टिक तर मुळातच लवकर घट्ट होते. गरम हवेत कारागिराच्या हाती मोजकी मिनिटे उरतात. त्यातही ओलीचा प्रश्न सुटलेला नसतो. घट्ट थर कितीही भारी असला तरी खालची वाफ त्याला उचलू पाहणारच.

तिसरी एक रीत या दोन्हींच्या मधली आहे. पांढरे किंवा फिकट सिमेंट, बारीक वाळू आणि ॲक्रिलिकचे मिश्रण ओट्यावर शिंपडतात आणि थापीने वरवर दाबतात. पृष्ठभाग खडबडीत राहतो. पोहण्याच्या तलावाभोवती अशा फिकट, खरखरीत थराची पद्धत ॲरिझोनात अनेक दशकांपासून रूढ आहे. पायाचा तळवा अशा थराला सलग टेकत नाही, केवळ उंचवट्यांना टेकतो. रंग फिकट असल्याने थर तापतोही कमी. आणि पाणी पडले तरी पाय घसरत नाही. पावलाच्या कसोटीवर ही रीत पुष्कळच उतरते.

रंगाचा हिशेब

लेपाचे गुणधर्म तपासताना सर्वांत दुर्लक्षित राहतो तो त्याचा रंग. जुने करडे काँक्रीट पडलेल्या उन्हाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा परत फेकते. उरलेले पोटात घेते. पांढऱ्या सिमेंटचा नवा पृष्ठभाग दोन तृतीयांशाहून अधिक परत फेकू शकतो. उलट ज्या चकचकीत लेपाने काँक्रीट पावसात भिजलेल्या दगडासारखे गडद दिसते, तो लेप या परावर्तनात घट करतो. दुकानातील नमुन्यात ती ओली तकाकी मोहक दिसते. घरी आल्यावर त्याच तकाकीमुळे दुपारचा ओटा अधिक तापतो आणि पाणी सांडले तर अधिक निसरडाही होतो. विटकरी, तपकिरी, गर्द राखाडी हे रंग वाळवंटाच्या मातीशी जुळतात खरे; परंतु त्यांची निवड सावलीतल्या भागापुरतीच शहाणपणाची.

मग सारा ओटा पांढराशुभ्र करावा काय? इथे फिनिक्स शहराचाच एक अनुभव मार्गदर्शक आहे. शहराने 2020 साली काही वस्त्यांतील डांबरी रस्त्यांवर फिकट राखाडी, प्रकाश परत फेकणारा लेप दिला आणि ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याची मोजणी केली. भर दुपारी लेप दिलेला रस्ता साध्या डांबरापेक्षा सरासरी 10.5 ते 12 अंश फॅरनहाइटने, म्हणजे सहा ते साडेसहा अंश सेल्सिअसने, कमी तापलेला आढळला. रात्रीची हवाही किंचित गार होती. परंतु त्याच रस्त्यावर दुपारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर पडणाऱ्या उष्णतेचे माप मात्र सुमारे साडेपाच अंश फॅरनहाइटने वाढले. रस्त्याने नाकारलेले ऊन वर उसळून माणसाच्या अंगावर येत होते.

ओट्यालाही हाच न्याय लागू आहे. अतिशय पांढरा पृष्ठभाग तळव्याला सुसह्य होतो, पण डोळे दिपवतो आणि ऊन समोरच्या काचेवर व भिंतीवर फेकतो. वाळूचा, फिकट बदामी किंवा फिकट राखाडी रंग आणि मंद, चकाकीविरहित पोत हा मधला मार्ग तिथे बराच रूढ आहे आणि तो योग्यही आहे. तरी एवढे लक्षात ठेवावे की 43 अंशांच्या हवेत, उघड्या उन्हात, कोणत्याही रंगाचा ओटा अनवाणी पायासाठी निर्धोक होत नाही. लेप तापमान काही अंशांनी उतरवतो. भाजणे टाळायला तेवढे पुरेल याची हमी कोणताही डबा देऊ शकत नाही.

ही हमी देते ती सावली. त्या वाळवंटातील मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम लोक मेस्कीटच्या खांबांवर झाडफांद्यांचे आणि सग्वारो निवडुंगाच्या वाळलेल्या फासळ्यांचे छप्पर घालून चारी बाजूंनी मोकळा मांडव उभारत आले आहेत. स्वयंपाक, बैठक, विसावा हे सारे त्या मांडवाखाली चाले. आजच्या घरमालकाने लेपासाठी राखलेल्या पैशांतून आधी पश्चिमेकडील ऊन अडवणारा मांडव, जाळीचे कापड किंवा मेस्कीट, पालो व्हर्डे यांसारखे स्थानिक झाड यांचा विचार करावा. सावलीत आलेल्या ओट्याचा लेपही अधिक टिकतो, कारण त्याचे दोन मोठे शत्रू, अतिनील किरण आणि तापमानाची उडी, दोन्ही तिथे क्षीण होतात.

काम केव्हा आणि कसे

चांगला लेप चुकीच्या दिवशी दिला तर वाया जातो. बहुतेक लेपांना पृष्ठभागाचे तापमान साधारण 10 ते 32 अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे असते. फिनिक्सचा उन्हाळ्यातील ओटा रात्रीसुद्धा पुष्कळ वेळ या मर्यादेच्या वर राहतो. जून मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिथला पावसाळा मानला जातो. त्या काळात धुळीच्या भिंती उठतात आणि ओल्या लेपावर वाळूचा थर बसतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पुष्कळदा 10 अंशांखाली जातात. उरतात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर आणि मार्च ते एप्रिल. या दोन खिडक्यांत काम उरकावे.

वेळेचेही एक मर्म आहे. सकाळी ऊन चढू लागले की छिद्रांतील हवा तापून प्रसरण पावते आणि बाहेर येऊ पाहते. त्याच वेळी वर ओला थर असेल तर त्यात बुडबुडे उठतात आणि वाळल्यावर सुईच्या टोकाएवढी भोके राहतात. म्हणून थर धरणारा लेप ओटा तापत असताना न देता, तो निवत असताना, म्हणजे उतरत्या दुपारी सावली आल्यावर, द्यावा. त्या वेळी आकुंचन पावणारी आतली हवा लेपाला थोडी आत ओढून घेते.

कामापूर्वी दोन साध्या परीक्षा घरीच करता येतात. ओट्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत. ते लगेच जिरले तर छिद्रे मोकळी आहेत. मोत्यासारखे उभे राहिले तर आधीचा लेप शिल्लक आहे आणि त्यावर भिनणारे द्रव्य चालणार नाही. दुसरी परीक्षा ओलीची. पारदर्शक प्लॅस्टिकचा सुमारे 45 सेंटिमीटरचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि किमान 16 तास तसाच ठेवावा. आतून दव धरले किंवा खालचे काँक्रीट काळवंडले तर ओल वर चढते आहे. अशा ओट्यास हवाबंद थर देण्यात अर्थ नाही. आधी तुषारांची दिशा बदलावी, पाण्याचा निचरा सुधारावा, आणि लेप द्यायचाच तर भिनणारा द्यावा.

नवे काँक्रीट साधारण 28 दिवस पक्के होऊ द्यावे. जुन्याची तेलकटी, लोणा, सैल पोपडे काढून टाकावेत. जुन्या रीतीत यासाठी आम्लाने धुतात. ते करताना हातमोजे, चष्मा आणि भरपूर पाणी हवे, झाडे दूर हवीत आणि घरातील मुले आत हवीत. जमेल तिथे ग्राइंडरने घासणे बरे. स्लॅबमध्ये मुद्दाम ठेवलेल्या खाचा कडक लेपाने कधीही बुजवू नयेत. काँक्रीटने वाढावे, आक्रसावे यासाठीच त्या ठेवलेल्या असतात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले. आणि तलावाजवळ किंवा नळापाशी शेवटच्या हातात बारीक खर मिसळावी.

कंत्राटदारास काम देताना नेमके प्रश्न विचारावेत. लेप कोणत्या कुळातला आहे? उन्हात पिवळा पडतो का? ओलीची परीक्षा केली का? पुन्हा हात द्यायची वेळ आली तर हा थर खरवडावा लागेल की यावरच देता येईल? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ती वेळ येणारच असते. ॲरिझोनात कंत्राटदारांचे परवाने आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारी पाहण्यासाठी राज्याचे रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्स हे कार्यालय आहे. परवाना तिथे तपासून घ्यावा. हमीपत्रात ओलीमुळे होणारे नुकसान वगळलेले आहे काय, हेही वाचावे. पुष्कळदा ते वगळलेले असते.

घरातील नियम

लेप दिला, मांडव घातला, तरी घरात काही नियम हवेत. मागील दाराशी आत एक आणि बाहेर एक अशा दोन जागी चपलांची मांडणी असावी, म्हणजे कोणाला विसर पडला तरी पाऊल आधी चपलेत पडेल. पाहुण्यांसाठी एक-दोन जास्तीचे जोड ठेवावेत. हाताच्या तळव्याची मागची बाजू जमिनीला टेकवून पाच-सात सेकंद धरवत नसेल तर मुलांना आणि पाळीव प्राण्यांना तिथे सोडू नये. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत किंवा घरच्यांनी पाहावेत. कोणी भाजलेच तर जखमेवर बर्फ, तूप किंवा टूथपेस्ट न लावता साध्या गार वाहत्या पाण्याखाली सुमारे 20 मिनिटे धरून डॉक्टरांकडे न्यावे.

महाराष्ट्रातील वाचकांनाही यातील पुष्कळसे उपयोगी पडेल. नागपूर, चंद्रपूर, जळगाव येथील मे महिन्याच्या गच्च्या काही कमी तापत नाहीत. गच्चीवर दिलेला चुन्याचा पांढरा हात दर वर्षी पुसट होतो म्हणून तो हिणकस ठरत नाही. तो स्वस्त असतो, वाफ अडवत नाही, उन्हाला परत पाठवतो आणि पुढच्या चैत्रात पुन्हा देता येतो. त्याच्या जागी गडद रंगाचा महागडा थर देण्यापूर्वी अनवाणी पायाने एकदा विचार करावा.

वाळवंटातल्या त्या ओट्यावर संध्याकाळी सूर्य डोंगरामागे गेल्यानंतरही काँक्रीट दिवसभराची उष्णता सोडत राहते. आत चहा होतो, मांडवाखाली खुर्च्या मांडल्या जातात. आजी दाराशी थांबतात, खाली वाकून हाताच्या उलट्या बाजूने ओटा चाचपतात आणि चपला पायात सरकवतात. नातू विचारतो, "आता तर ऊन गेलं, आजी." त्या म्हणतात, "ऊन गेलं रे बाळा, फरशीचं अजून जायचंय."